मासळीच्या गाडीचं हेड

“फोरमन, गाडी ढेकर देतेय,” दत्ताराम म्हणाला.

मी चहाचा कप ठेवला आणि बाहेर आलो. पालीला, कोल्हापूर रोडवर माझं गॅरेज आहे. उमेदीची सगळी वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये गेली. फोरमन म्हणून निवृत्त झालो आणि घरी बसलो तर बायको घरातले सगळे नळ दुरुस्त करायला लावील, या भीतीने गॅरेज काढलं. नोकरी गेली, हुद्दा राहिला. लोक मला अजून फोरमनच म्हणतात.

दत्ताराम हा मासळीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर संध्याकाळी बर्फ घातलेले क्रेट भरायचे आणि आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजाराला पोचवायचे, हे त्याचं काम. माणूस शांत. प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघतो, मग उत्तर देतो. प्रत्येक खेपेला माझ्या दारात थांबून रेडिएटरचं पाणी बघणं हा त्याचा नेम होता. बघणं म्हणजे किती? तर माझ्या टाकीतलं पाणी सर्वांत जास्त कोणी संपवलं असेल तर याने. मी एकदोनदा कुरकुरलोही होतो. तो जमिनीकडे बघून हसला होता.

त्याने रेडिएटरचं झाकण काढून ठेवलेलं होतं. इंजिन चालू, आणि आत पाण्यावर एकामागून एक बुडबुडे. मागे सायलेन्सरमधून पांढरा धूर. मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

“घाट नाही चढणार ही,” मी म्हणालो. “मासळीसाठी दुसरी गाडी बोलव.”

ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन हे पातेलं धरलं तर हेड हे त्याचं झाकण. जाळ खालच्या सिलिंडरमध्ये होतो आणि हेड तो वरून दाबून धरतं. हेड बिडाचं असतं आणि त्याच्या पोटातून पाणी फिरतं, म्हणून ते जळत नाही. जाळ आणि पाणी यांच्यामध्ये काही ठिकाणी बोटभर जाडीचंच बीड असतं. तिथे तडा गेला की सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरते आणि पाणी सिलिंडरमध्ये. गाडी ढेकर देते ती त्यामुळे. या जुन्या इंजिनाला सहा सिलिंडर आणि दोन हेड. पुढचं तिघांवर, मागचं तिघांवर.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हेड उतरवली. मागच्यात दोन वॉल्व्हच्या मधोमध केसासारखी रेघ. तडा. पुढचं वरून बघायला ठीक होतं.

दुपारी मालकाचा मुलगा आला. इम्रान. आखातात एका मोठ्या इमारतीच्या मेंटेनन्स विभागात बरीच वर्षं होता, आता परत येऊन वडिलांचा धंदा बघतो. मुलगा वाईट नाही. पण तिकडे प्रत्येक गोष्टीला एक प्रोसिजर असते, आणि ती पाळली नाही तर कोणाला तरी काढतात. ती सवय तो सामानाबरोबर घेऊन आला होता.

“रिपेअर की नवीन?” त्याने विचारलं.

“बहुतेक रिपेअर. तडा शिवता येतो, वॉल्व्हच्या नवीन सीट बसवता येतात, तळ ग्राइंड करून सरळ करता येतो. जुनं बीड चांगलं आहे. बाजारात मिळणारं डुप्लिकेट हेड त्यापुढे काहीच नाही. ओरिजिनल शोधावं लागेल, त्यात दिवस जातील.”

“आणि सीझनचे शेवटचे आठवडे हातातून जातील.”

“जातील. पण तडा का गेला ते कळल्याशिवाय नवीन टाकलं तर नवीनही जाईल.”

“का गेला ते मला माहीत आहे,” इम्रान म्हणाला. “ड्रायव्हरने तापवली. पाण्याकडे लक्ष नाही. लोट्याला कंपनीच्या बसवर एक ड्रायव्हर आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. अब्बांना सांगायचं तेवढं राहिलंय.”

दत्ताराम तिथेच नट भिजत घालत होता. त्याने ऐकलं. नट हलवत राहिला.

मला हे पटलं नाही, पण बोलायला काही आधार नव्हता. तापलेली गाडी बघून ओळखू येते. हेड वाकतं, रंग बदलतो. हे हेड वाकलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की मशीन शॉपचं उत्तर येईपर्यंत कोणाला काढू नका. इम्रानने मान डोलावली, जशी लोक डॉक्टरसमोर पथ्याला डोलावतात.

हेड कोल्हापूरला पाटलांच्या मशीन शॉपमध्ये पाठवली. पाटील हेड आधी रसायनाच्या टाकीत धुतात, मग पाण्याची सगळी भोकं बंद करून आत हवेचा दाब देतात आणि गरम पाण्यात बुडवतात. जिथून बुडबुडा येईल तिथे गळती. याला प्रेशर टेस्ट म्हणतात. सायकलच्या पंक्चरवाल्याची घमेल्यातली टेस्ट हीच, फक्त घमेलं मोठं.

फोन आला.

“फोरमन, ह्ये हेड पाठवलंय का चाळण?”

“एक तडा आहे, मागच्याला.”

“तडा ऱ्हाऊ द्या बाजूला. आतनं पार खाल्लंय. पाण्याच्या भोकात करंगळी जायला पायजे, हितं अंगठा जातोय. पुढच्याचं बी तेच. आणि टाकीत टाकल्यावर वास काय सुटला! मासं शिजवत होता काय ह्यात?”

“म्हणजे शिवून उपयोग नाही?”

“शिवायचं कशाला? दोरा धरायला कापड तरी पायजे.”

मी फोन ठेवला आणि रेडिएटरकडे गेलो. तो उतरवून भिंतीला टेकवलेला होता. तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. ते वाटीत काढलं. गढूळ, तांबूस. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

ही टेस्ट कुठल्या मॅन्युअलमध्ये दिलेली नाही आणि मी कोणाला करा म्हणणार नाही. पण उत्तर लगेच मिळालं. खारट.

माझ्या टाकीचं पाणी विहिरीचं आहे, गोडं आहे. पालीपासून समुद्र चांगला लांब आहे. रेडिएटरमध्ये समुद्र शिरला होता तर तो एकाच जागी शिरणार, मिरकरवाड्याला. आणि गाडीचं पाणी बघणारा माणूस एकच. मला दत्तारामचा राग आला. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने एवढं तरी समजून घ्यायला हवं. त्याला बोलावलं.

“धक्क्यावर रेडिएटरमध्ये खारं पाणी कोण भरतं?”

तो जमिनीकडे बघायच्या आधीच बोलला. “मीच भरला.”

इथे मला शंका आली. दत्तारामचं उत्तर एवढ्या लवकर कधी येत नाही.

“तू? आणि मग पालीला येऊन माझ्या टाकीचं गोडं पाणी कशाला भरतोस?”

आता तो जमिनीकडे बघू लागला. म्हणाला, “काढायचा असला तर काढू दे माला. तुमी काय बोलू नका, फोरमन.”

मी त्याला जायला सांगितलं. राग गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते मलाही नीट कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इम्रान वडिलांना घेऊन आला. कासमभाईंना मिरकरवाड्यात तांडेल म्हणून ओळखतात. तांडेल म्हणजे मच्छीमार लाँचचा कप्तान. वय झालं, गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलाने समुद्र बंद केला. तेव्हा लाँच विकून त्यांनी हा ट्रक घेतला. जमिनीवर राहून मासळीच्या जवळ राहायचा तेवढा एकच मार्ग होता. चेहरा उन्हाने रापलेला, आवाज अजून लाँचवरचा. पाच हातांवरच्या माणसाशीही ते पलीकडच्या बोटीवर हाक मारल्यासारखं बोलतात.

“काय फोरमन, काय खबर?”

“खबर चांगली नाही. दोन्ही हेड आतून खाल्ली गेलीत. दुरुस्त होणार नाहीत.”

“बघा अब्बा,” इम्रान म्हणाला. “मी बोललो होतो. मेंटेनन्स शून्य. ड्रायव्हरने पाण्याकडे बघितलंच नाही कधी. ही त्याची रिस्पॉन्सिबिलिटी नाही तर कोणाची?”

दत्ताराम दाराशी उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात कासमभाई भडकले.

“दत्तारामला काय बोलू नको! पाणी तो नाय बघत. पाणी मी बघतो. रोज!”

“तुम्ही?”

“मग कोण? गाडी भरायला लागली की मी पयला झाकण काढतो. कमी असला तर बादली सोडतो धक्क्यावरना आणि ओततो. एक दिवस चुकलो नाय. पाण्याची तक्रार माझ्या गाडीला नाय!”

कासमभाईंनी अभिमानाने आमच्याकडे बघितलं. मग मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज जरा उतरवला. “काय झाला?”

“बादली कुठे सोडता?” मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“कुठे म्हणजे? दर्यात. नळावर लायन असते.”

“ते खारं पाणी आहे, कासमभाई.”

“मग? इंजिन दर्याच्या पाण्यावरच थंड होतो ना? उभा जन्म लाँच चालवली मी. कुशीतल्या नळीतना पाणी बाहेर पडतोय तवर इंजिन ठीक. ता कुठला पाणी असतो? बिसलेरी?”

मी स्टूल ओढून त्यांना बसवलं. त्यांची चूक मला आता स्पष्ट दिसत होती, आणि ती वेड्या माणसाची चूक नव्हती. तांडेल वर असतो, सुकाणूवर. इंजिन खाली असतं, ते दुसराच माणूस बघतो. वरून तांडेलला एवढंच दिसतं की लाँचच्या बाजूच्या नळीतून समुद्राचं पाणी बाहेर पडतंय. पडतंय म्हणजे सगळं ठीक. पडायचं थांबलं की खालच्याला हाक मारायची. त्या एका धारेवर नजर ठेवून या माणसाने खलाशांना वादळातून घरी आणलं होतं.

मी त्यांना सांगितलं की लाँचमध्ये दोन पाणी असतात. इंजिनच्या पोटात फिरतं ते गोडं. समुद्राचं पाणी नुसतं शेजारून, वेगळ्या नळ्यांतून जातं, गोड्याला थंड करतं आणि परत समुद्रात पडतं. दोघांची गाठ पडत नाही. ट्रकमध्ये दुसरं पाणी नाही. तिथे आत गेलं ते आतच राहतं, दिवसभर उकळतं, आणि मीठ बिडाला खात बसतं.

कासमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे हेड मी खाल्ला?”

“खाल्लं तुम्ही,” मी म्हणालो. “तडा दुसऱ्याने दिला.” आणि दत्तारामकडे वळलो. “आता तरी बोल.”

दत्ताराम बोलला. त्याने एक दिवस तांडेलांना बादली ओढताना बघितलं होतं. म्हणाला, चाचा, खारा नको. चाचा म्हणाले, माला इंजिन शिकवतोस काय? दत्ताराम गप्प बसला. इम्रानच्या कानावर घालावं तर इम्रान चाचांचं धक्क्यावर येणंच बंद करणार. म्हणून त्याने आपल्यापुरता उपाय काढला. पालीला पोचलं की खालचा कॉक उघडून निम्मं पाणी सोडून द्यायचं आणि माझ्या टाकीतलं गोडं भरायचं. प्रत्येक खेपेला.

“गरम इंजिनात?” मी विचारलं.

“हो.”

“टाकीतलं गार पाणी?”

“हो.”

तापलेल्या तव्यावर पाणी मारलं तर तवा सहन करतो. बिडाचं हेड करत नाही, त्यातून आधीच आतून पोखरलेलं. मला हसावं की ओरडावं कळेना. गाडीला जीव लावणारी दोन माणसं. एकाने मीठ घातलं, दुसऱ्याने ते धुवायला गार पाणी ओतलं. दोघांनी मिळून असं काम केलं की एखाद्या दुश्मनालाही एवढं नीट जमलं नसतं.

“हेड दोन्ही नवीन,” मी जाहीर केलं. “ओरिजिनल. सिलिंडरच्या आतले लायनर बदलायचे, रेडिएटर आतून साफ करायचा. रिपेअरचा विषय संपला.”

“टाक,” कासमभाई म्हणाले. आवाज लाँचवरचा नव्हता. मुलाकडे न बघता ते म्हणाले, “दत्ताराम राहणार. काढायचा तर माला काढ.”

बापाला काढता येत नाही, म्हणून ड्रायव्हरलाही काढता आलं नाही. इम्रान बाहेर गेला आणि लोट्याला फोन करून आला. आल्यावर त्याने दत्तारामला चहा विचारला. माफी मागायची प्रोसिजर बहुधा तिकडेही नसावी.

मग कासमभाईंना म्हणाला, “अब्बा, आता तुम्ही गाडीला हात लावू नका. प्लीज.”

तो प्रेमाने म्हणाला, बरोबरच म्हणाला. पण कासमभाईंनी आपल्या हातांकडे बघितलं, ते मला बघवलं नाही. समुद्र सुटला, लाँच सुटली, आता बादलीही सुटली. फार वाईट वाटलं. मी फोरमन असलो तरी दगड नाही.

“हात लावायचा,” मी म्हणालो. “पाणी तांडेलच बघतील. फक्त बादलीतलं नाही.”

मी डबाभर कूलंट तयार करून दिलं. कूलंट म्हणजे रेडिएटरसाठी औषध मिसळलेलं शुद्ध पाणी. हिरवं असतं, गंज धरू देत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘गाडी’ लिहिलं. कासमभाईंनी डबा दोन्ही हातांनी उचलला. दत्तारामला मी वेगळं घेऊन दम भरला की पुन्हा गरम इंजिनाचं पाणी काढलंस तर तुझं हेड उतरवीन.

ओरिजिनल हेड पाटलांनी सांगलीच्या एका जुन्या दुकानातून मिळवली. ती बसवली, त्यांना धरणारे स्टड ठरल्या क्रमाने आणि ठरल्या ताकदीने आवळले, गाडी सोडली. सीझन पूर्ण नाही, पण बराचसा वाचला. जुनी हेड भंगारात जायची होती, पण कासमभाई एक घेऊन गेले. त्याला दोर बांधून एका होडीला नांगराऐवजी वापरतात म्हणे. खाऱ्या पाण्याची त्याला सवय आहेच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दहाबारा दिवसांनी कासमभाईंचा फोन आला. आवाज पुन्हा लाँचवरचा.

“फोरमन! गाडी रोज थोडा पाणी खाते!”

नवीन हेड, नवीन गॅस्केट, आणि पाणी कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळती. “किती खाते?”

“मगभर. रोज मगभर घालतो. पण एक कळत नाय.”

“काय?”

“डबा संपत नाय.”

मी गाडी बोलावून घेतली. थंड असताना पंपाने दाब देऊन बघितलं. काटा जागचा हलला नाही. नळ्या कोरड्या, ऑइल स्वच्छ, सायलेन्सरचा धूर नेहमीचा, बुडबुडे नाहीत. पाणी रोज कमी होत होतं आणि कुठेही जात नव्हतं. इतक्या वर्षांत असं इंजिन मी पाहिलं नव्हतं. शेवटी मी गाडीकडे बघायचं सोडलं आणि दत्तारामकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

“तू काढतोस?”

“थंड असताना काढतो, फोरमन. गाडी धक्क्यावर लावली की. एक मग. चाचा चहाला गेले की डब्यात परत ओततो.”

“कशाला पण?”

“गाडी आता पाणीच खात नाय,” दत्ताराम म्हणाला. “रोज झाकण काढायचे, बघायचे, आणि तसेच लावायचे. दोन दिवस बघितला मी त्यांचा तोंड.”

मी दाबाचा पंप पुसून जागेवर ठेवला आणि कासमभाईंना फोन लावला.

“तपासली गाडी. बिघाड काही नाही. हेड नवीन आहे, रुळायला वेळ लागतो. तोवर मगभर लागणार. रोज बघत जा.”

“बघतोच!” ते ओरडले. “मी नाय बघणार तर कोण?”

हेड दुरुस्त करावं की बदलावं, असं मला लोक अजून विचारतात. मी तडा बघतो, बिडाची जाडी बघतो, पाटलांना फोन करतो. पण त्या सगळ्याआधी गाडीत पाणी कोण भरतं ते विचारतो. आणि डबा संपत नसेल तर पुढे काही विचारत नाही.